रंगांच्या कोड्याचं नुसतं उत्तर नको, त्यामागचा विचारही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोड्यांच्या पानावर लपवलेले चार रंग ओळखायचं कोडं येतं ना, मास्टरमाइंडच्या धर्तीवरचं, त्याबद्दल हे पत्र. कोडं छान असतं, ते बंद करू नका ही पहिली विनंती. पण त्याच्यासोबत ज्या टिप्स येतात त्या वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. 'सुरुवात चार वेगळ्या रंगांनी करा' आणि 'दर वेळी असाच अंदाज लावा जो उत्तर असू शकेल' या दोन टिप्स पुन्हापुन्हा येतात, आणि पुढच्या रविवारी उत्तर म्हणून चार रंग एका ओळीत छापलेले असतात, बस्स. ते कसे आले, कुठल्या चालीने काय बाद झालं, याचा पत्ताच नाही. ज्याला कोडं सुटलं त्याला त्या ओळीची गरज नाही आणि ज्याला सुटलं नाही त्याला त्या ओळीतून काहीच कळत नाही, मग ती छापून उपयोग काय?

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहा रंग, चार जागा. एक जण गुपचूप रंग लावून ठेवतो, एकच रंग दोनदा तीनदा आला तरी चालतो. दुसरा अंदाज लावतो आणि प्रत्येक अंदाजाला त्याला पिना मिळतात, रंगही बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर काळी पिन, रंग आहे पण जागा चुकलीय तर पांढरी. कुठली पिन कुठल्या जागेची ते सांगायचं नाही, किती काळ्या आणि किती पांढऱ्या एवढंच सांगायचं. वर्डल या शब्द ओळखायच्या खेळात प्रत्येक अक्षराचा निकाल वेगळा दिसतो, इथे नुसता आकडा हातात येतो आणि तो आकडा कोणामुळे आला ते आपणच शोधायचं, म्हणून हा खेळ मला जास्त कसदार वाटतो. हा खेळ १९७० मध्ये मॉर्डेकाय मेरोविट्झ या इस्रायली टेलिकॉम तज्ज्ञाने तयार केला आणि पुढे इंग्लंडमधल्या लेस्टरच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने तो बाजारात आणला. त्याच्याही आधी कागद-पेन्सिलवर 'बुल्स अँड काऊज' नावाचा आकड्यांचा खेळ होताच, मूळ कल्पना तीच.

आता मुद्द्यावर येते. या खेळातला प्रत्येक अंदाज म्हणजे समोरच्याला विचारलेला प्रश्न आहे, आणि प्रश्न चांगला की वाईट हे तो अंदाज बरोबर निघायचा चान्स किती यावरून नाही ठरत, उत्तर मिळाल्यावर किती शक्यता शिल्लक राहतात यावरून ठरतं. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीच्या सगळ्या युक्त्या आपोआप सुचायला लागतात, आणि आपल्या पानावरच्या टिप्समध्ये नेमकी हीच गोष्ट कुठेच नसते.

सुरुवातीचंच बघा. सहा रंग, चार जागा, म्हणजे एकूण शक्यता १२९६. पहिला अंदाज काहीही लावला तरी तो थेट बरोबर यायचा चान्स १२९६ मध्ये एकच, त्या बाबतीत सगळे अंदाज सारखेच. फरक पडतो तो पुढे. चारही जागी लाल लावलात तर लाल मुळीच नाही असं उत्तर यायची शक्यता मोठी आणि तसं आलं की ६२५ शक्यता तशाच पडून राहतात. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार वेगळे लावलेत तर वाईटात वाईट उत्तर म्हणजे दोन पांढऱ्या, त्यात ३१२ उरतात. आणि लाल लाल निळा निळा असं जोडीजोडीने लावलं तर कुठलंही उत्तर येऊ दे, २५६ च्या वर शक्यता उरतच नाहीत. म्हणजे 'चार वेगळ्या रंगांनी करा' ही टीप अगदी चुकीची नाही, चार वेगळ्या रंगांना उत्तरंही जास्त प्रकारची येतात, पण वाईट दिवसाचा विचार केला तर जोडी-जोडी जास्त भरवशाची, आणि ते वाचकांना कोणी सांगतच नाही.

आणि दुसरी एक गोष्ट, लोक मनातल्या मनात धरूनच चालतात की लपवलेले चारही रंग वेगळे असणार. मोजून बघा. चारही वेगळे असतील अशा मांडण्या फक्त ३६० आहेत. एक रंग दोनदा आणि बाकी दोन वेगळे अशा ७२०, म्हणजे निम्म्याहून जास्त! दोन जोड्या असलेल्या ९०, एक रंग तीनदा असलेल्या १२० आणि चारही सारखे असलेल्या फक्त ६. लपवणाऱ्याने खरंच डोळे मिटून रंग लावले असतील तर दहापैकी साधारण सात वेळा कुठला ना कुठला रंग रिपीट होणारच. त्यामुळे अडकलात की आधी स्वतःला विचारा, मी रिपीट रंगाचा विचार केलाय का?

जोडी-जोडीने सुरुवात केल्यावर पुष्कळ जण दुसरी चाल हिरवा हिरवा पिवळा पिवळा अशी लावतात आणि मग बेरीज-वजाबाकी करतात, पहिल्यात दोन पिना आल्या, दुसऱ्यात एक, म्हणजे उरलेला एक केशरी किंवा जांभळा. ही बेरीज दिसते तेवढी सरळ नाही. तुम्ही लाल दोनच लावलेत, तर लपवलेल्यात लाल तीन असले तरी पिना दोनच्याच मिळणार, तिसरा लाल कुठल्याच हिशेबात येत नाही आणि तुम्ही बिचारे त्याला केशरी-जांभळ्यात शोधत बसता. पिनांची बेरीज म्हणजे 'निदान इतके', 'नेमके इतके' नाही, हे कायम लक्षात ठेवावं लागतं.

एखादा अंदाज आधीच्या उत्तरांशी जुळतो की नाही हे कसं तपासायचं, यातही लोक फार गोंधळतात. सोपी रीत आहे, उलटी तपासणी करा. जो अंदाज मनात आलाय तोच लपवलेलं उत्तर आहे असं समजा आणि मग तुमच्या आधीच्या प्रत्येक चालीला तुम्हीच पिना द्या. खऱ्या मिळालेल्या पिनांशी सगळीकडे जुळलं तर तो अंदाज जिवंत आहे, एका जरी ओळीत जुळलं नाही तर बाद. समजा पहिल्या चालीत लाल लाल निळा निळाला एक काळी पिन मिळाली होती आणि आता मनात आलंय निळा हिरवा पिवळा केशरी. हेच उत्तर असतं तर पहिल्या चालीला काय मिळालं असतं? निळा आहे पण पहिल्या जागी, आणि आपण लावले होते तिसऱ्या-चौथ्या जागी, म्हणजे एक पांढरी. मिळाली होती काळी. बाद, विषय संपला. डोक्यात 'कदाचित निळा असेल, कदाचित लाल' असं घोळवत बसण्यापेक्षा हे शंभर पटीने स्वच्छ आहे आणि सातवी-आठवीतलं मूलसुद्धा करू शकतं.

आता ती दुसरी टीप, 'दर वेळी असाच अंदाज लावा जो उत्तर असू शकेल'. यावरच माझा मुख्य आक्षेप आहे आणि तो एका उदाहरणाने दाखवते, संपादक साहेब, प्लीज कागद-पेन घेऊन बघा.

पहिली चाल लावली लाल निळा हिरवा हिरवा. उत्तर आलं तीन काळ्या. वा, छान. म्हणजे एकच जागा चुकलीय, कुठली ते माहीत नाही. दुसरी चाल, लाल निळा हिरवा निळा. परत तीन काळ्या. आता विचार करा. चूक पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी असती तर चौथ्या जागेचा हिरवा बरोबर होता आणि तिथे निळा लावल्यावर काळ्या पिना कमी व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. म्हणजे पहिल्या तीन जागा पक्क्या, लाल निळा हिरवा, आणि चौथ्या जागी हिरवाही नाही, निळाही नाही. उरले चार रंग, लाल, पिवळा, केशरी, जांभळा. बरोबर चार शक्यता.

टीप पाळणारा माणूस काय करणार? लाल निळा हिरवा पिवळा लावणार, कारण ते उत्तर असू शकतं. नाही निघालं तर केशरी, मग जांभळा, मग लाल. प्रत्येक चालीत एकच रंग बाद होतो, बाकीच्यांबद्दल काहीही कळत नाही, कारण उत्तर दर वेळी तेच येतं, तीन काळ्या. नशीब वाईट असेल तर सहाव्या चालीपर्यंत गाडी जाते.

त्याऐवजी तिसरी चाल अशी लावा, पिवळा निळा हिरवा केशरी. पहिल्या जागी लाल पक्का आहे हे माहीत असताना मुद्दाम तिथे पिवळा ठेवलाय, म्हणजे ही चाल उत्तर असूच शकत नाही, जिंकायचा चान्स शून्य. पण बघा काय होतं. चौथ्या जागी केशरी असेल तर तीन काळ्या येतील. पिवळा असेल तर निळा-हिरव्याच्या दोन काळ्या आणि पिवळ्याची एक पांढरी. आणि लाल किंवा जांभळा असेल तर नुसत्या दोन काळ्या. म्हणजे एका प्रश्नात चार शक्यतांचे तीन गट पडले. केशरी किंवा पिवळा निघाला तर चौथ्या चालीत नक्की संपलं, लाल-जांभळ्यात अडकलं तरी पाचव्या चालीत नक्की संपलं. वाईटात वाईट निकाल सहावरून पाचवर आला, आणि सरासरी धरली तरी या जागेपासून पुढे अडीच चालींऐवजी सव्वादोन लागतात. उत्तर असू शकणाऱ्या चारांपैकी एकाही अंदाजाने हे झालं नसतं, चौघंही एक विरुद्ध तीन असेच तुकडे करतात.

म्हणून म्हणते की ती टीप बदला. 'असाच अंदाज लावा जो उत्तर असू शकेल' हे नव्या खेळाडूसाठी ठीक आहे, त्याने निदान फालतू चाली वाया जात नाहीत, पण तो नियम नाही, आणि नियम म्हणून शिकवला तर पुढे शिकायची वाटच बंद होते. अर्थात उलट टोकालाही जाऊ नये. दोनच शक्यता उरल्या असतील तर सरळ त्यातली एक लावा, चाचणीची चाल, म्हणजे वरच्यासारखी उत्तर असूच न शकणारी चाल, लावून काही मिळत नाही. तीन उरल्या असतील आणि त्यातली एक लावल्यावर उरलेल्या दोघींना वेगवेगळी उत्तरं येत असतील तर तीच लावा. चाचणीची चाल तेव्हाच, जेव्हा उत्तर असू शकणारे सगळे अंदाज एकेक करूनच बाद होणार असं दिसतंय.

यासाठी जो रंग नक्की नाही हे कळलंय तो सोन्यासारखा जपावा. लोकांना शून्य पिना आल्या की वाईट वाटतं, खरं तर ती मोठी लॉटरी आहे, लाल लाल निळा निळाला काहीच मिळालं नाही तर दोन रंग एका झटक्यात गेले, १२९६ चे २५६ झाले आणि वर लाल-निळा हे दोन रिकामे रंग हातात आले, कुठल्याही जागेवर ठेवा, ते पिन देणारच नाहीत, म्हणजे बाकीच्या जागांनी काय उत्तर दिलं ते स्वच्छ ऐकू येतं.

हे सगळं माझ्या मनचं नाही. १९७७ मध्ये डोनाल्ड कनुथ या कॉम्प्युटर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की चार जागा आणि सहा रंगांचं कुठलंही कोडं जास्तीत जास्त पाच चालींत सुटतंच सुटतं, दहा-बारा चालींची गरजच नाही. त्यांची सुरुवात जोडी-जोडीचीच आहे आणि पुढची रीत म्हणजे दर वेळी अशी चाल निवडायची की वाईटात वाईट उत्तर आलं तरी कमीत कमी शक्यता उरतील. ती चाल उत्तर असू शकते की नाही याला दुय्यम महत्त्व, दोन चाली सारख्याच चांगल्या असतील तर उत्तर असू शकणारी घ्यायची, एवढंच. त्यांनी दिलेल्या नमुन्याच्या डावात चौथी चाल अशी आहे की जी आधीच्या उत्तरांशी जुळतच नाही, जिंकूच शकत नाही, आणि तरी तीच योग्य आहे कारण तिच्यामुळे पाचव्या चालीत खात्रीने सुटतं. त्यांच्या रीतीने लागणाऱ्या चालींची सरासरी साडेचारच्या जरा खाली येते. नंतर १९९३ मध्ये कोयामा आणि लाय या संशोधकांनी सगळ्या शक्यता कॉम्प्युटरवर तपासून सरासरी ४.३४ पर्यंत आणली, त्याहून कमी होऊच शकत नाही. गंमत म्हणजे त्या सगळ्यात चांगल्या सरासरीसाठी क्वचित सहावी चाल लागू शकते, आणि पाचाच्या आतच संपवायचं बंधन घातलं तर सरासरी नावापुरतीच वाढते. मला विचाराल तर मी पाचवालीच रीत पसंत करेन, कारण समोर बसून खेळताना सरासरी कोणी मोजत नाही, अडकलो की नाही तेच आठवतं.

आता कोणी म्हणेल, माणसाने १२९६ शक्यता डोक्यात कशा ठेवायच्या. नाहीच ठेवायच्या. पहिल्या दोन चाली ठरलेल्या पद्धतीने लावा, तिसऱ्यापासून जिवंत शक्यता कागदावर लिहायला लागा, बहुतेक वेळा तोपर्यंत त्या मोजण्याइतक्या उरलेल्या असतात. चार वेगळे रंग लावून चार पांढऱ्या मिळाल्या तर नऊच मांडण्या उरतात, दोन काळ्या दोन पांढऱ्या मिळाल्या तर सहाच. या लिहून काढायला कितीसा वेळ लागतो? लिहिल्या की मग प्रत्येक संभाव्य चालीला 'ही या यादीचे किती तुकडे करते' एवढंच विचारायचं. आकड्यांच्या बुल्स अँड काऊजमध्ये, जिथे चार वेगळे अंक असतात आणि शक्यता ५०४०, तिथेही हीच रीत चालते आणि सात चालींत कुठलाही आकडा निघतो. पाच जागा आणि आठ रंगांचा मोठा प्रकार आहे त्यात शक्यता ३२७६८ होतात, तिथे कागदाशिवाय काही खरं नाही.

पिना देणाऱ्याबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण त्याच्या एका चुकीने पूर्ण डाव वाया जातो. लपवलेलं असेल लाल लाल हिरवा पिवळा आणि अंदाज आला लाल निळा लाल लाल. किती पिना? पुष्कळ जण एक काळी दोन पांढऱ्या देतात. बरोबर उत्तर एक काळी, एक पांढरी. लपवलेल्यात लाल दोनच आहेत, एक पहिल्या जागी जुळला त्याची काळी गेली, उरला एक, त्याची एकच पांढरी, अंदाजातल्या तिसऱ्या लालला काही मिळत नाही. आधी सगळ्या काळ्या मोजा, जुळलेले रंग दोन्हीकडून खोडा, मग उरलेल्यांत पांढऱ्या मोजा, कधी चुकणार नाही. आणि तीन काळ्या एक पांढरी असं उत्तर जर कोणी दिलं तर तिथेच थांबवा, ते शक्यच नाही, तीन जागी बसले तर चौथ्या रंगाला चुकीची जागा उरतेच कुठे? म्हणून उत्तरं एकूण चौदाच प्रकारची येऊ शकतात. आपल्या पानावर छापताना हे तपासून घेतलं जावं ही कळकळीची विनंती, कारण पिनांचा एक आकडा चुकला तर घरोघरी वाचक तासनतास नसलेलं उत्तर शोधत बसतात आणि मुलं तर 'मला जमत नाही' म्हणून कायमची सोडून देतात.

तर संपादक साहेब, मागणी मोठी नाही. उत्तराच्या त्या एका ओळीऐवजी पाच-सहा ओळी द्या, कुठल्या चालीनंतर किती शक्यता उरल्या आणि पुढची चाल तीच का. आणि महिन्यातून एकदा असं कोडं द्या ज्यात उत्तर विचारायचंच नाही, पुढची चाल विचारायची. सुरुवात म्हणून एक मीच पाठवते.

पहिली चाल होती हिरवा हिरवा पिवळा पिवळा. उत्तर आलं दोन काळ्या, दोन पांढऱ्या. म्हणजे लपवलेल्यात दोन हिरवे दोन पिवळेच आहेत आणि जिवंत शक्यता चारच, पिवळा हिरवा हिरवा पिवळा, पिवळा हिरवा पिवळा हिरवा, हिरवा पिवळा हिरवा पिवळा, आणि हिरवा पिवळा पिवळा हिरवा. यातली कुठलीही एक लावली तर उरलेल्या तिघींपैकी दोघींना सारखंच उत्तर येतं, करून बघा. वाचकांनी दुसरी चाल अशी शोधायची की चारही शक्यतांना चार वेगवेगळी उत्तरं येतील आणि तिसऱ्या चालीत कोडं खात्रीने सुटेल. सहाही रंग वापरायची मुभा आहे. उत्तरासोबत ती चाल का निवडली ते चार ओळींत लिहून पाठवायला सांगा, आणि ज्या पत्रात ते कारण सगळ्यात स्पष्ट मांडलं असेल ते पत्र छापा.

आपली,
कोड्यांचं पान आधी उघडणारी एक वाचक